वळणदार

मिसेस प्रुइट पुस्तकं मिटायला सांगतात.
बाकांवरून फिरते एक झेरॉक्स:
मतदार नोंदणीचा अर्ज, अलाबामा, एकोणीसशे बावन्न.
नाव लूला टॉलिव्हर. काम, लोकांची धुणी.
राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ
तिनं चार ओळींत लिहिलाय,
पेन्सिल इतकी दाबून
की झेरॉक्समध्येही तो दाब उतरलाय.
खाली शाईत कारकुनाचा शेरा: असमाधानकारक.
शेजारी कॉफीच्या कपाचं अर्धं वर्तुळ.

"काय दिसतं?"
अन्याय, म्हणतं कुणी.
कुणी तारीख वाचतं.
परीक्षेत चालतील अशी उत्तरं.

केंडेरियस मात्र कागद
खिडकीच्या उजेडात धरून बसलेला.
"बाई, ह्या कारकुनाचं अक्षर
किती वळणदार आहे."

बाई काही बोलत नाहीत.
फळ्याकडे वळतात,
लूलाचं नाव लिहितात,
जरा वाकडंच.