आडवा आठ

सातपूरच्या शेडमध्ये माझा पँटोग्राफ आहे,
माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा.
एक हात मोठ्या अक्षरांच्या खाचांतून फिरतो,
दुसरा तेच अक्षर चारपट बारीक करून धातूत उतरवतो.
सांध्यांना रोज सकाळी दोन थेंब तेल.
स्पिंडल खुळखुळलं तर काना नागमोडी येतो,
आणि नागमोडी नावाचे पैसे कुणी देत नाही.

कटर मी स्वतः घासते.
सळई आधी अर्धी सपाट, बरोबर मध्यापर्यंत.
केसभर जास्त राहिली तर कटर कापत नाही, रगडतो.
मग पाठीला उतार,
मग टोक किंचित चपटं, भिंगाखाली बघून.
पितळेला बाजूचा उतार तीस अंश, वेग भरपूर, कोरडंच काम,
चुरा सोन्यासारखा उडतो आणि केसांत बसतो.
अ‍ॅल्युमिनियमला रॉकेलचं बोट लावायचं,
नाहीतर ते कटरला धरून बसतं
लग्न उरकल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

तांबट लेनचे धोंडूमामा कर्पे
हंड्यांवर ठोक्याठोक्याने नावं घालायचे.
एकदा शेडमध्ये आले, यंत्राभोवती फिरले,
म्हणाले, हे गिरवतंय गं. लिहीत नाहीये.
चहा पिऊन गेले.

मार्गशीर्षात मखमलाबादचे उगले आले,
टेम्पोत दोनशे स्टीलची ताटं.
"लोक ताटंसुद्धा नेतात हो! नाव टाका,
उगले मिसळ."

पहिल्या ताटावर पितळेचाच कटर लावला, आळसाने.
टोक 'उ'च्या पोटातच तुटलं.
दुसरं 'ग'च्या कान्यात.
स्टीलवर थबकायचं नसतं,
एका जागी घासत राहिलं की ते आणखी कडक होतं,
आमच्या थोरल्या जावेसारखं.
तिसरा घेतला कार्बाइडचा,
उतार पंचेचाळीस, टोक रुंद,
पट्टा खालच्या पुलीवर, तेलाची धार,
आणि हात न थांबवता पुढे.
तरी पातळ ताट थरथरत होतं, ढोलकीच्या पुडीसारखं.
तेव्हा धोंडूमामा आठवले:
बाभळीच्या ठोकळ्यावर राळ वितळवली,
ताट त्यावर बसवलं, गार होऊ दिलं.
मग ते गप्प झालं.

'मि' आला, 'स' आला.
'ळ'चा खण रिकामा.
अंबडचा एक कारखाना बंद पडताना घेतलेला हा संच,
शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी खिशातून
ते एकच अक्षर घरी गेलं असणार.
उगले म्हणाले, "ल टाका, कोण वाचतंय?"
मी विचारलं, तुमच्या घरी डाळ शिजते की डाल?
ते हसले नाहीत. बाकावर बसले.

रात्री इंग्रजी आकड्यांचा डबा उघडला.
आठ उचलला, आडवा केला.
दोन पोटं शेजारी शेजारी आली.
वरून एक छोटा दांडा हवा फक्त,
तो पूर्णविरामाच्या खाचेतून मिळाला.
आडवा आठ फार रुंद होता,
म्हणून हातांवरचे आकडे सरकवले, चाराचे सहा.
अक्षर आक्रसलं, पण कटर तोच,
त्यामुळे रेघेची जाडी तीच राहिली.
शिरोरेघ सगळ्यात शेवटी,
पट्टीच्या कडेने, एका दमात.

दोनशे वेळा.
शंभरीनंतर एकदा टोक पुन्हा घासलं.

फेब्रुवारीत रविवारी मखमलाबादला गेले.
उगल्यांनी ओळखलं नाही, गर्दी होती.
ताटातला रस्सा कलंडला,
तर्री अक्षरांत उतरली, नाव लाल उमटलं.
'ळ'चं डावं पोट उजव्याहून जरा लहान.
आठ तसाच असतो, वर बारीक, खाली जाड,
हे त्या रात्री लक्षात आलं नव्हतं.
समोरचा पोरगा त्याच अक्षरावरून पाव फिरवून
नाव पुसून खात होता.
मी अजून एक पाव मागवला.