खुराड्यापर्यंत जाऊन येईतो

ओझुरगेतीच्या वरच्या अंगाला आमचा मळा.
आमचा म्हणजे कुणाचाच नाही.
सरकार गेलं, कारखान्याचं छप्पर कुणीतरी विकून खाल्लं,
आतली यंत्रं भंगारात गेली,
आणि चहाची झुडपं, छाटणारं कुणी उरलं नाही म्हणून
सरळ वर गेली, झाडं झाली,
नेच्यांच्या नि काटेरी वेलींच्या गळ्यात गळा घालून.

मे महिन्यात आई त्यांच्यात शिरते,
वडिलांचे रबरी बूट घालून.
दोन पानं, एक कळी. बोटं अजून तीच.
सतराव्या वर्षी तिचा फोटो लागला होता
कारखान्याच्या दारात, लाल पाटीवर:
नाझिब्रोला, दिवसाला इतके इतके किलो.
आकडा ती सांगत नाही.
"तेव्हा आम्ही तोडायचो, बिचो, प्यायचो नाही.
चांगलं पान गाडीनं उत्तरेला जायचं.
आमच्या पुड्यात धूळ यायची, नि काड्या.
गरम असायचं, एवढंच."

आता ती पानं माळ्यावर पसरते,
भावाच्या लग्नात टेबलावर अंथरलेल्या कापडावर.
वाइनचे डाग अजून आहेत.
रात्रभरात पानं मऊ पडतात.
मग तळहाताखाली वळायची, कणीक मळतात तशी,
पण कणकेला दाखवतो त्याहून कमी दया दाखवून.
रस सुटतो. हात हिरवे, मग तांबूस,
मग आठवडाभर न जाणारे काळे.
ओल्या फडक्याखाली पान रंग बदलतं तेव्हा
आधी कापल्या गवताचा वास,
मग सफरचंदाच्या साली विसरून बंद केलेल्या खोलीचा.
ती नाकानं ठरवते. "आता."
आणि मक्याच्या भाकरीनंतर निवत आलेल्या भट्टीत
पान शेवटचं वाळतं.

गेल्या शरदात तिबिलिसीहून एक माणूस आला,
काचेची किटली नि वजनकाटा घेऊन.
मोठ्यानं सुर्रकन घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला,
चेस्टनटचा मध. वाळवलेली नाशपती.
शेवटी थोडं ओलं लाकूड.
आई म्हणाली, "लाकूड लागणारच. छप्पर गळतंय."
पाणी किती अंशांवर? किती मिनिटं?
"पाणी उकळू दे, मग त्याचा राग जाऊ दे.
पानं टाक, झाकण ठेव,
कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जा,
अंडी आहेत का बघ, परत ये. ओत."
त्यानं वहीत लिहिलं: चार मिनिटं, बहुधा.

या वर्षी चहा कडू व्हायला लागला.
आईनं आधी पावसाला बोल लावला, मग विहिरीला,
मग, हळू आवाजात, झुडपांना:
"म्हातारी झाली बिचारी."
दोन घाणे तिनं कोंबड्यांच्या पायाखाली पसरून टाकले.

पोतीच्या बंदरातली क्रेन सुटल्यापासून मी घरीच.
एका सकाळी खिडकीतून पाहिलं,
आई अंगणात, डाव्या गुडघ्यावर हात,
पर्सिमनच्या झाडापाशी थांबली,
कुंपण धरलं, पुन्हा थांबली,
खुराड्याशी उभीच राहिली, अंडी नसतानाही.
इकडे टेबलावर किटली.
आत पान आपलं काम करत होतं.
त्याला काय ठाऊक कुणाचा गुडघा.

मी काही बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज अंडी मी आणतो.
माझ्या टांगा लांब, म्हणून पावलं मुद्दाम आखूड टाकली.
तिचीच, मी शाळेत होतो तेव्हाची,
एप्रनच्या खिशात हात घालून चालणारी.
परत आलो. ओतलं.
पेल्यात तांबडा उजेड, काठाशी पिवळा.
जिभेच्या कडांना तुरट चिमटा, मग तो सुटतो,
आणि उशिरा, बऱ्याच उशिरा,
इझाबेला द्राक्षाची साल.

अक्रोडाच्या मुरंब्याचा चमचा आईनं तसाच हातात धरलेला.
दुसरा घोट घेतला.
"बघ," म्हणाली, "पान सुधारलं."
"सुधारलं," मी म्हणालो.
खिशातलं अंडं अजून गरम होतं.