रुमालाखाली

मन्मथप्पा बिरादार, वय एकाहत्तर,
हाळीच्या बाजारात बैलांची दलाली, पन्नास वर्षं.
लातूरच्या दवाखान्यात, केसपेपरवर मी लिहिलं :
मेंदूची डावी बाजू. शब्द गेले.
मग 'गेले' खोडलं.
कुठं गेले, ते मला तरी कुठं माहीत?

मी चित्रं दाखवते. तांब्या. चप्पल. कुलूप.
तांब्या पाहून ते हवेतलं पाणी पितात,
कुलपाला हवेतच किल्ली फिरवतात,
तोंडातून मात्र एवढंच : "तेच ते, तेच ते."
बैलाचं चित्र आलं, तर मान हलवली. नाही.
मी लिहिलं : ओळख नाही.
"अवो मॅडम, त्याला वशिंड कुठंय?" सून म्हणाली.
"असला बैल आमच्याकडं नसतोय."
पुन्हा खोडलं.

तिसऱ्या आठवड्यात उदगीरहून चाँदसाब आले,
तीस वर्षं समोरच्या बाजूनं सौदा करणारे.
कसं काय नाही, बरं आहे का नाही.
खांद्यावरचा रुमाल झटकला,
दोघांचे हात त्याखाली गेले.
कापड हललं,
पांघरुणात मांजराचं पिल्लू वळावं तसं.
थांबलं. परत हललं.
मन्मथप्पांच्या कपाळाला आठी,
मग हात झिडकारून हसले,
चेहऱ्याची जेवढी बाजू चालते तेवढीनं.

"देवणी जोडी दीडला मागितली," चाँदसाब म्हणाले,
"ह्यो एक ऐंशीच्या खाली येईना."
मग हळूच : "ताई, ह्यानं डाव्या हातानं
जन्मात सौदा केला नव्हता."

उजवा तर मांडीवर पडलेला, परक्याचा असल्यासारखा.
म्हणजे भाव जिभेवर नव्हता,
बोटांतही नव्हता.
जिथून तो नव्या हातात उतरला
त्या जागेचं नाव माझ्या तक्त्यात नाही.
मन्मथ म्हणजे मन घुसळणारा,
हे बसमध्ये आठवलं,
पण लोणी कुठं साठतं
ते औशापर्यंत सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, मला द्या हात.
रुमालाखाली अंधार, ऊब, खरखर.
त्यांनी माझी तीन बोटं धरली, सोडली,
मग मधलं एकटंच, जोरात.
माझ्याकडं पाहत राहिले. उत्तर हवं होतं.

"काय म्हणाले?" मी चाँदसाबांना विचारलं.
"मला काय दिसणार?
रुमाल कशाला असतो मग?"

मधलं बोट अजून जरा दुखतंय.