तारापाशी डावीकडे

आत्याने वाट सांगितली ती शेवटच्या आजारात,
मी औषधाच्या पाकिटावर उतरवून घेतली.
घोडबंदरपासून ट्रॉम्ब्यापर्यंत सात वाटमाया,
सात दगड, प्रत्येकीला मूठभर मीठ.
फूल नको, नारळ नको, नवस तर नकोच.
"खारी डावे हाताला ठेव," ती म्हणाली,
"तारापाशी डावीकरं वल. पुढं दिसंल."

पुढं काय दिसेल ते विचारीपर्यंत
तिला झोप लागली.

आम्ही तिघं: मी, पदू केणी
आणि बहिणीचा निशाद, ज्याला डॉक्टरांनी
मोबाइल सोडून काहीही कर, असं सांगितलेलं.
माघातलं कोरडं ऊन. पाठीवर मीठ,
पदूच्या खिशात चुन्याची डबी.
पहिली माय टायरवाल्याच्या दुकानामागे सापडली.
दुसरी सापडली, असं आम्ही ठरवलं.
टपरीवर निशादने चहाबरोबरची खारी
मुद्दाम डाव्या हातात धरली, आणि हसलो तिघंही.
त्यानंतर दोन तास खाडी दिसलीच नाही.

नुसता वास.
वास डाव्या हाताला ठेवून चालत राहिलो.

कंपनीची भिंत, गॅरेज, बंद फाटक, पुन्हा तीच भिंत.
लोक सांगायला उत्सुक:
एकाने मेट्रोच्या खांबाकडे धाडलं,
एकाने मारुतीच्या देवळात, तेही उलट दिशेला.
एका बाईने विचारलं, "एवढं चालून मिळतं काय?"
"टाचेला फोड," पदू म्हणाला.
बाई आत गेली, पट्टी घेऊन आली.

रात्री कांजूरला पोचायचं होतं, पदूच्या साडूकडे,
पण भांडुपलाच ताड शोधत दुपार गेली.
आमच्या बोलीत घोड्याचा घोरा, गाडीची गारी,
तेव्हा तार म्हणजे ताड,
हे मला कुणी शिकवायला नको.
ताड एकही नव्हता. ताडाचं बूडही नव्हतं.
चिखलात चार पाय रोवून विजेचा मनोरा उभा,
आणि डोक्यावर गुणगुणणाऱ्या सहा ओळी.
निशाद वर बघून म्हणाला, "मावशी, तार."

मी त्याला समजावणार होते.
मग डावीकडे वळले.

तिवरांत दोनशे पावलांवर तिसरी बसली होती,
शेंदूर कधीचाच गेलेला,
खांद्यावर नखाएवढा खेकडा.
परतताना पदूने मनोऱ्याच्या पायाला
चुन्याचा बाण काढला,
वाकडा, त्याच्या सहीसारखा.

चौथीचं कुणालाच माहीत नाही.

पाचवी विक्रोळीत, सोसायटीच्या आत.
वॉचमन दरभंग्याचा, नियमाचा पक्का:
नाव, वेळ, कोणाकडे, कितवा मजला.
मजल्याच्या रकान्यात पदूने 'जमीन' लिहिलं.
त्याने ते वाचलं की नाही कोण जाणे,
स्कूटर मात्र स्वतः ढकलून बाजूला केली.
दगडावर पिवळ्या रंगात बी-चौदा.
त्याच्यापुढे जळून गेलेल्या उदबत्तीची काडी.
"तुम्ही लावता?" मी विचारलं.
तो म्हणाला, रात्रपाळीला कुणीतरी सोबत लागतं.

सहावी सरळ होती, तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.
गाडगं घेऊन एक म्हातारी तिथे बसली होती,
आमचं मीठ तिने चिमूटभर चाखून पाहिलं
आणि तोंड वाकडं केलं. "पाकिटातलं."

सातवी फाटकापलीकडे.
फोटो काढू नये, असं तीन भाषांत लिहिलेलं,
थांबू नये, असं शिपायाच्या हातात.
मी पाकीट दाखवलं. त्याने औषधाचं नाव वाचलं,
म्हणाला, माझी आई पण हेच घेते.
पण आत सोडलं नाही.
ओहोटी लागलेली. गाळात दूरवर
रोहित पक्षी माना खाली घालून चालत होते,
त्यांना कुणी अडवत नव्हतं.

घरी आले तेव्हा पिशवीत दोन मुठी उरलेल्या,
चौथीची आणि सातवीची.
उरलेल्या मिठाचं काय करायचं
हे आत्याने सांगितलं नव्हतं.
डब्यातल्या मिठात ओतलं, झाकण लावलं.
दुसऱ्या दिवशीची आमटी खारट झाली.
निशादने दोनदा वाढून घेतली.