हातमोज्याला काय म्हणतात

लुइस्टनच्या वाचनालयाच्या तळघरात
दर मंगळवारी साडेसहाला मी इंग्रजी शिकवते.
फुकट. गुडघे कुरकुरतात, तरी.
सत्तेचाळीस वर्षं कारखान्यात बुटांना लेसची भोकं पाडली,
आता लोकांच्या तोंडात क्रियापदं ओवते.

पेट्रोल पंपावरचा डग परवा म्हणाला,
"या देशात राहायचं तर यांनी इंग्रजी बोलावं."
मी म्हटलं, "बोलतील की. जरा दम धर."
घरी आल्यावर वाटलं, उत्तर अर्धंच दिलं.

कारण इंग्रजी यायला हवं, हे मला कुणी सांगू नये.
माझ्या आईला येत नव्हतं.
गिरणीतल्या साहेबाने कागद पुढे सरकवला,
तिने सही केली, सुबक, वळणदार,
आणि यंत्रात गेलेल्या दोन बोटांची भरपाई
त्या सहीखाली कायमची मिटली.
वाचता आलं असतं तर...
असो.

पण मी सात वर्षांची असताना
फळ्यावर शंभरदा लिहिलंय,
मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही.
साठाव्या ओळीला खडू संपला.
बाईंनी नवा दिला.
फर्नांदची मी फर्न झाले.
आवारात बोलले नाही, मग रस्त्यात नाही,
मग घरातही नाही.
आई त्या भाषेत विचारायची, मी या भाषेत उत्तर द्यायचे.
पुढे पुढे ती विचारेनाशी झाली.

शेवटच्या दुखण्यात म्हणाली, "झे फ्रेत."
थंडी वाजतेय मला.
कळलं होतं मला. अगदी नीट कळलं होतं.
मी इंग्रजीत म्हणाले, नर्स येतेय.

काल वर्गात हिवाळ्याचे कपडे होते.
टेबलावर टोपी, मफलर, जाड हातमोजे मांडले,
पाच बोटांचे नव्हेत,
अंगठा वेगळा आणि बाकी चौघं एका खोलीत, तसले.
कापिंगाने ते उचलले. कासाईची ती,
गेल्या वर्षी पहिल्यांदा बर्फ पाहिलेली.
"मूफ्ल," स्वतःशीच पुटपुटली.
आणि माझ्या तोंडून, काही ठरवलं नव्हतं मी,
"मितेन!"
साठ वर्षांनी बाहेर पडला तो शब्द
दुसरीची चूक काढतच पडला. बाईंसारखा.

हसलो दोघी. ती भरभर बोलू लागली,
मी ठेचकाळत तिच्या मागे.
म्हटलं, "किती छान, आईची भाषा जपलीस."
तिचं हसू थांबलं.
"ही आईची नाही, बाई. ही शाळेची.
चिलुबात एक शब्द गेला
की दिवसभर गळ्यात हाडूक बांधायचे."

मी खुर्चीत बसले.
माझ्या तोंडातून जी काढून घेतली
तीच हिच्या गळ्यात हाडूक होऊन लटकत होती.

"मग आता आणखी इंग्रजी?" वेडगळ प्रश्न.
"मुलाला दमा आहे," ती म्हणाली.
"औषधाच्या बाटलीवरचं मला वाचायचंय.
त्याने मला वाचून दाखवायचं नाही. नऊ वर्षांचा आहे तो."
"आणि घरी?"
"घरी चिलुबाच. रागवायला, लाडाला.
पोरं इंग्रजीत उत्तर देतात. तरी."

देऊ देत, मी म्हटलं.
तू विचारायचं सोडू नकोस.

निघताना तिने एक शब्द दिला, मोयो.
भेटल्यावर म्हणतात; जीवालाही तोच शब्द.
माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला, तरी नापास.

गाडीची काच गोठलेली.
ती खरवडता खरवडता
रिकाम्या पार्किंगमध्ये मी आईला म्हणाले, तिच्या भाषेत,
थांब हं, पांघरूण आणते.

क्रियापद चुकलं असावं.