जोडलेले : शून्य

सावद्याला, स्टेशनरोडच्या वजनकाट्यावर
पत्र्याच्या खोलीत माझा एक कॉम्प्युटर आहे
आणि एक कूलर, ज्यात पाणी मीच भरते.
पीएचपीच्या दोन स्क्रिप्ट चालतात इथे.
एक केळीचा भाव लिहिते,
दुसरी तो बाहेरच्या लाल दिव्यांच्या पाटीवर नेते.
दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.
प्रत्येक हाकेला नव्याने जन्मतात,
पाव सेकंद जगतात
आणि पदर झटकून निघून जातात,
मागचं काहीही अंगाला चिकटू न देता.

म्हणून मेमरीत त्यांच्यासाठी
एक कोपरा मागून घेतला मी.
किल्ली : एक आकडा, दोघींना पाठ.
जागा : आधीच सांगावी लागते, किती बाइट.
म्हटलं, चार.
पाच आकडी भाव केळीला कशाला लागतोय.

वैशाखात वादळ झालं. तापीकाठच्या बागा
आडव्या, एका रात्रीत माल मातीमोल.
सकाळी अठराशे पन्नासवर
मी नऊशे पन्नास लिहिले.
तीन आकडे बसले तीन घरांत.
चौथ्या घरातल्या जुन्या शून्याला
कुणी ऊठ म्हटलंच नाही,
ते बसून राहिलं.
पाटीवर लागलं : ९५००.

सव्वानऊपर्यंत काट्यासमोर सतरा ट्रॅक्टर.
एकाने तर शेजाऱ्याचीही कच्ची घडं कापून आणलेली.
‘बाई, तुमच्या मशीनले झोप लागेल व्हती का?’
हे प्रल्हादभाऊ फेगडे, दिवसपाळीचे काटेवाले.
हसले नाहीत. भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर दगडी पाटी.
तिच्यावर प्रल्हादभाऊ आणि रातपाळीचे सुभान तडवी
अकरा वर्षं एकमेकांशी बोलत आले,
तोंडाने बहुधा चार-पाच वेळाच,
कारण सुभानचाचा पालच्या पहिल्या गाडीने निघायचे
आणि भाऊ त्यानंतर यायचे.
ड्रायव्हर, हमाल, मुकादम, सगळेच लिहीत तिथे.
खिळ्याला लाल गमछा दिसला
की कुणीतरी लिहितंय, थांबायचं.
गमछा उतरला की पुढच्याचा हात.
आणि खडू उचलण्याआधी
ओलं फडकं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
‘आधी पुसाचं, मंग लिव्हाचं.’
एवढंच शिकवलं भाऊंनी.

दुपारी कोडला कुलूप घातलं.
लिहिणारी आत असेतो वाचणारी दाराशी.
आकडे तीन असोत की चार,
आधी चारही घरं रिकामी.
मॅन्युअलमध्ये होतं हे. मी वाचलं नव्हतं.

श्रावणात सुभानचाचा गेले.
आजारी नव्हते. अंगणातली खाट
सावलीत ओढताना, असं सांगतात.

त्याच आठवड्यात सर्व्हरला यादी मागितली,
मेमरीतले कुठले कुठले कोपरे
अजून धरलेले आहेत त्याची.
एक माझ्या पहिल्या प्रयोगाचा निघाला.
त्याची स्क्रिप्ट मार्चमध्येच मोडीत काढलेली,
तिला हाक मारणारं कुणी नाही.
कोपरा मात्र तिथेच, किल्लीसकट.
बाइट : चार.
जोडलेले : शून्य.

धनी गेला म्हणून जागा आपोआप सुटत नाही.
हटव, असं कुणाला तरी म्हणावं लागतं
नाहीतर वीज जावी लागते.
आणि इन्व्हर्टर तर मीच हट्टाने बसवून घेतलाय.

हटवला. एक ओळ, एंटर.

भिंतीवरच्या पाटीवर अजून
सुभानचाचांचं डावीकडे कललेलं अक्षर :
‘गाडी ४१ची दोरी ढिली. सकाळी पाहजो.’
गाडी ४१ दिल्लीला जाऊन आली, केव्हाच.
गमछा खिळ्यालाच आहे, कुणी उतरवत नाही.
प्रल्हादभाऊ खालच्या कोपऱ्यात
बारीक अक्षरांत, खडू आडवा धरून,
नव्या पोराला निरोप लिहितात.
फडकं रोज ओलं करून ठेवतात.
संध्याकाळपर्यंत ते वाळतं.