चाळीस सेकंदांचा दिवा

रोज साडेदहाला क्रुआ-रूसच्या टेकडीवर
मी पिवळी छत्री उघडतो, ऊन असलं तरी.
लोक जमतात. आज अठरा,
त्यातला एक कालच्या वाइनसकट.
त्यांना सांगतो, लियोंला दोन नद्या आहेत,
तिसरी दारांमागून वाहते.
वाक्य माझं नाही, माझ्या आधीच्या गाइडचं.
तो निवृत्त झाला, वाक्य अजून कामावर आहे.

मग ट्राबूल.
एका रस्त्यावरच्या दारातून शिरायचं,
कुणाच्या तरी अंगणातून, कुणाच्या तरी जिन्याखालून
दुसऱ्याच रस्त्यावर निघायचं,
शहरातून दोरा ओवल्यासारखं.
विणकर या बोळांतून रेशमाची ठाणं खांद्यावर न्यायचे,
बाहेर पाऊस, आत कोरडं रेशीम.
खोल्या चार मीटर उंच, कारण माग उंच;
माणसं माळ्यावर झोपायची, छताला नाक लावून.
इथे सगळे वर बघतात.
रोज, एकाच वेळी, तितक्या हनुवट्या.

आज सतरा नंबरचं दार उघडलं नाही.
पितळी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
खांदा लावला, दार जणू नात्यातलं आहे.
काचेआड नवा कागद: शांतता राखा.
खाली पेनाने, तिरकं: आम्ही इथे राहतो.

माझी पुढची सगळी गोष्ट आत होती.
मी भिंतीच्या रंगाबद्दल बोलू लागलो.
गेरू, म्हणालो. मग, इटालियन गेरू.
वाइनवाला खाली बसला.

तेवढ्यात इलियेस आला.
बुधवार, शाळा नाही,
काखेत शेंडा खाल्लेला पाव, गळ्यात चावी.
"तुम्ही छत्रीवाले ना?
आई म्हणते, तुम्ही रोज तेच सांगता."
दार उघडलं. "आज मी सांगतो."

तर, ही टपालपेटी मादाम पेराशोंची.
त्या मुलीकडे गेल्या, ग्रनोब्लला,
पत्रं अजून येतात, शनिवारी मी काढतो.
हा दगड हलतो.
खाली काही नाही, मी बघितलंय.
या कोपऱ्यात आमचं मांजर अकरा दिवस हरवलं होतं,
म्हणजे ते इथेच होतं, आम्हीच नव्हतो बघत.
दुसऱ्या मजल्यावरचे मस्यू फायोल पाणी ओततात,
पण आधी ओरडतात, मग ओततात.
दिवा चाळीस सेकंदांचा आहे.
गेला तर घाबरायचं नाही. मोजायचं.

वर कुणी पाहिलं नाही.
एका बाईने दगड बुटाने दोनदा दाबला,
मग नवऱ्याला दाबायला लावला.

आणि दिवा गेला.

अंधारात शिजत्या लीकचा वास,
ओला चुना, सायकलच्या साखळीचं तेल.
आणि वरून कुठूनसा आवाज,
थबकत, परत सुरू होत, लाकडावर लाकूड आपटावं तसा.

वीस वर्षं मी मागाचा आवाज तोंडाने काढतो:
बिस्तांक्लाक-पां, बिस्तांक्लाक-पां,
इथली जुनी माणसं असंच म्हणायची.
लोक हसतात, एखादा नक्कल करतो.
आत्ता मी तोंड उघडलं नव्हतं.

"माग?" कुणीतरी कुजबुजलं.
अठरा जणांचा श्वास एकदम थांबला.
इलियेसचं कोपर माझ्या बरगडीत.
"वॉशिंग मशीन आहे," त्याने कानात सांगितलं, "आमचंच.
एक पाय आखूड आहे. सांगू?"
मी मान हलवली.
आडवी की उभी, ते अंधारात
मलाही कळलं नाही.
तो मोजत राहिला, छत्तीस, सदतीस.
बटण कुणाला तरी सापडलं.

पलीकडच्या रस्त्यावर ऊन होतं.
लोकांनी त्याला नाणी दिली, मला हात हलवून निरोप.
दोन युरो त्याने माझ्याकडूनही घेतले.

छत्री आत राहिली होती.
मी वळसा घालून परत गेलो, बटण दाबलं,
कागद वाचला, बटण दाबलं.
वर मशीन आता पिळण्यावर आलं होतं.